तीन कार्डे, तीन जोड्या

“घरी,” म्हणत काकांनी पहिल्या जोडीतले कार्ड पुढे सरकवले. शेजारी बसलेल्या काकूंनी समाधानाने मान डोलावली.

मूत्रपिंड विभागातल्या संशोधन सहायक बाईंनी उत्तर संगणकात भरले. पर्याय तीन होते: दवाखान्यात येऊन डायलिसिस, घरच्या घरी दिवसातून चार वेळा पोटात सोडायच्या द्रावणाची पिशवी बदलून डायलिसिस, किंवा डायलिसिस न करता केवळ औषधांवर उरलेले दिवस. दोन-दोन कार्डे समोर ठेवून रुग्णाचा कल अंकांत पकडायचा. त्या अंकांचा छापील कागद पाहून डॉक्टर पुढचे ठरवत. नातेवाइकांनी बाहेर थांबावे, असा नियम होता. बाहेर खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून बाईंनी आज तो मोडला होता.

दुसऱ्या जोडीत काकांनी ‘औषधे’ बाजूला सारून ‘दवाखाना’ निवडला. “आलेच हं,” म्हणत काकू बाहेर गेल्या. तिसऱ्या जोडीत घर आणि औषधे होती. काकांनी दाराकडे पाहिले आणि ‘औषधे’ उचलले.

पडद्यावर लाल ओळ उमटली: उत्तरे विसंगत.

“काका, घर दवाखान्यापेक्षा बरं, दवाखाना औषधांपेक्षा बरा, आणि औषधं घरापेक्षा बरी? हे गोल फिरतंय.”

“तीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासलेत मी, बाई. काटा चुकला की आधी पारड्याला कोण टेकलंय ते बघायचं.” काका हसले, मग हसू आवरले. “माझ्या आईचं अकरा वर्षं केलं तिनं. मग भावाचं. आता तिसरं गिऱ्हाईक मी? पुन्हा विचारा. ती यायच्या आत.”

बाईंनी पुन्हा विचारले. आता क्रम लागला: आधी औषधे, मग दवाखाना, शेवटी घर. विसंगती शून्य. इतके स्वच्छ शून्य त्यांनी वर्षभरात पाहिले नव्हते. या पद्धतीवर त्यांचा मुळातच फारसा विश्वास नव्हता. आज ती खोटी ठरती तर त्यांना बरे वाटले असते.

काकू एक चिठ्ठी घेऊन परतल्या. “सोमवारपासून पिशवी बदलायला शिकवणारेत. नाव घालून आले. खिडकीवरची पोरगी म्हणते, या वयात जमेल का आजी? म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून हेच करतेय!”

बाईंनी छापून आलेला कागद पुढे केला. त्यावर रुग्णाबरोबर एका नातेवाइकाचीही सही लागत होती. काकूंनी तो उभ्याउभ्याच वाचला, दोनदा.

“मी बाहेर गेल्यावर?”

“अगं, ऐक तरी...”

“विचारलं तुम्हाला होतं. मला नाही.” त्यांनी सही केली, पेनाचे टोपण लावले आणि बाईंकडे वळल्या. “घातलेलं नाव काढायचं तर?”

“चिठ्ठी द्या इकडे, मी काढून टाकते.”

“नको. घातलं मी, काढीनही मीच.”

काचेपलीकडे खिडकीपुढची रांग दारापर्यंत आली होती. काकू तिच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या. मागून आलेल्या एका माणसाने घाईत काही विचारले, तेव्हा त्या बाजूला सरकल्या आणि त्याला त्यांनी पुढे जाऊ दिले. त्याच्या मागून आलेल्यालाही.