देव घरात असेपर्यंत

बारक्या दिसायला मांजराएवढा, पण घूस दिसली की वाघाचा बाप. जातच टेरियरची, बिळात शिरून शिकार ओढून काढायची हे त्याच्या रक्तातच होतं. दिल्ली कॅन्टमधल्या आमच्या क्वार्टरमागं गटाराची एक बंद पडलेली नळी आहे, तिच्यात घुशींनी संसार थाटलेला. माझ्या नवऱ्याच्या, युवराजच्या, साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी हे कुत्रं त्याच्या गळ्यात मारलं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं आणि महिन्याभरात स्वतःच्या ताटातली भाकरी त्याला चारायला लागल्या. सुनेला कधी एवढ्या मायेनं वाढलं नाही, पण ते असो.

गणपती बसले आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "देव घरात हाय तवर उंदराच्या केसाला धक्का लागता कामा न्हाई. त्येचं वाहन हाय त्ये."

घूस काय आणि उंदीर काय, त्यांना एकच. बारक्याला मागच्या दारी बांधला. नळीकडं तोंड करून तो थरथरत होता, साखळीला हिसडे देत केविलवाणा रडत होता. मला त्याची दया येत होती आणि सासूबाईंचा संताप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युवराज म्हणाला, "चलो, भानगडच नको." पुढच्या नळावर त्यानं सिमेंट कालवलं आणि आरतीच्या घाईत, अंधारातच नळीचं तोंड विटा लावून बुजवून टाकलं. मग आरती, झांजा, शेजारपाजारची माणसं. सगळे गेल्यावर पाहिलं तर साखळी रिकामी.

"पट्टा निसटला आसंल," सासूबाई म्हणाल्या.

पुढचं फाटक पाहुण्यांसाठी उघडंच होतं. आम्ही सदर बाजार पालथा घातला. भेटेल त्याला विचारलं, "भैया, छोटा सफेद कुत्ता देखा?" कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्याचं ताट पुढं ठेवून सासूबाई तशाच बसून राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "युवराज, म्याच सोडला हुता त्याला. तू पुढं सिमेंट कालवत हुतास तवा. लई रडत हुता रं. तू वरडशील म्हून बोलले न्हाई."

युवराज पहार घेऊन धावला. पहिली वीट निघाली तशा दोन घुशी त्याच्या पायावरून पळाल्या. कुणी हललं नाही. विटांना चिकटूनच बारक्या होता. नाकावर सिमेंट, नखं तुटलेली. मी त्याला बाहेर काढून मांडीवर घेतलं. युवराज भिंतीकडं तोंड करून रडायला लागला.

सासूबाई जवळ आल्या, पण त्यांना हात लावायचा धीर होईना.

"रातीच गेला आसंल, न्हवं गं?"

माझी जीभ तिखट आहे, हे क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत माहीत आहे. तोंडाशी खूप काही आलं होतं.

"हो, आत्या. रात्रीच गेला," मी म्हणाले आणि पदर त्याच्यावर ओढून घेतला. त्याचं पोट अजून गरम होतं.