वेगळं काढलेलं ताट

गुरम्माला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तिला पक्का ठाऊक होता. लातुरात त्यांच्या गल्लीतला ट्रकवाला बसवंत ज्या रोगानं गेला, त्याचं तिच्या लेखी तेच नाव होतं. त्यामुळं तिचा लेक मल्लेश फोनवर कुणाला तरी “उज्वलाचा रिपोर्ट आला, सीडी नाइन्टीन पॉझिटिव्ह हाय,” असं सांगताना तिनं ऐकलं आणि पुढचं ऐकायची तिला गरजच उरली नाही. सुनेला रक्ताचा कॅन्सर झालाय हे नुसतं लोकांना सांगायला, असं तिनं ठरवून टाकलं. असल्या गोष्टी काय कुणाला विचारतात!

सून उमरीची, मल्लेशनं स्वतः पसंत केलेली, गळ्यात लिंग न बांधणाऱ्या, बिगर-लिंगायत घरातली. गुरम्माच्या मनात अढी होतीच, आता तिला निमित्त मिळालं. त्याच दिवशी तिनं सुनेचं ताट-तांब्या वेगळं काढलं. ते उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढायची, आणि घरातल्या इतर भांड्यांना उज्वलाला हात लावू द्यायची नाही. एवढ्यावर गप्प बसेल तर ती गुरम्मा कसली! उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं उमरीला विहिणीला, तुळजाबाईला फोन लावला.

“ईनबाई, तुमच्या पोरीनं लग्नाआधी कुठं शेण खाल्लं ते तिलाच इचारा.”

तुळजाबाईनं फोन ठेवून दिला.

पहिल्या केमोनंतर नांदेडच्या दवाखान्यात, उमरीहून आलेल्या तुळजाबाईसकट, सगळे डॉक्टरीणबाईंपुढं बसले होते. मल्लेशनं भीत भीत विचारलं, “मॅडम, ते पॉझिटिव्ह आलंय, वाईट हाय का?”

गुरम्मानं पदर तोंडाशी धरला.

“उलट बरं आहे,” बाई म्हणाल्या. “या बिघडलेल्या पेशींच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, त्या नावाचं प्रथिन सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. वाढ, जग, असे निरोप आत पोचवायला ते मदत करतं, म्हणून पेशी माजतात. पण त्यालाच धरून त्यांना मारणारं औषधही आहे. हा आजार कुणापासून लागत नाही, आणि कुणाच्या वागण्यानं होतही नाही.”

गुरम्माच्या हातातला पदर सुटला.

“जपायचं ते हिला,” बाई पुढं म्हणाल्या. “केमोनं ताकद गेलीय, बाहेरचा जंतू लागला तर झेपणार नाही.”

डोक्याला रुमाल बांधलेली उज्वला हसली. “आत्याबाई आधीपासूनच जपून राहिल्यात, मॅडम. माझं ताट-तांब्या वेगळं, रोज उकळून देतात. मला कामाला हात लावू देत न्हाईत.”

“सासू असावी तर अशी,” बाई म्हणाल्या.

गुरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या सोसल्या असत्या तिनं, ही शाबासकी सोसवेना. तिनं चोरून तुळजाबाईकडं पाहिलं. आता ही बोलणार, लेकासमोर, सुनेसमोर अब्रू काढणार. आणि काढावीच, असंही तिला वाटलं.

तुळजाबाईनं लेकीचा रुमाल सारखा केला. “हाव, लई जपतात ईनबाई,” ती गुरम्माकडं न बघता म्हणाली. “मला फोन करून बोलल्या हुत्या.”

गुरम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

उज्वलानं तिचा हात धरला. “रडू नका ना, आत्याबाई. तुम्ही असल्यावर मला काय हुतंय?”