चार बोटं ओल

चावीवाल्याने ओलं फडकं सिलिंडरच्या पोटावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि समोर उकिडवा बसून राहिला. वरची ओल बघता बघता वाळली, खालची तेवढी राहिली. त्याने बोटं लावून पाहिली. चार बोटं. म्हणजे अजून तेवढा गॅस होता.

ही युक्ती त्याच्या बायकोची. रिकाम्या भागावरचं पाणी लवकर वाळतं, भरलेल्या भागावरचं रेंगाळतं, हे तिनेच त्याला दाखवलं होतं. दाखवण्यापुरतंच. गावभरची कुलपं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात रेग्युलेटरला हात लावायची बंदी होती. "तुमच्या हाताला उघडायची सवय," ती म्हणायची. "इथे बंद करणारं माणूस पाहिजे." सिलिंडर बदलताना त्याचं काम फक्त बॅटरी धरायचं, आणि तीही त्याला सरळ धरता येत नाही असं तिचं ठाम मत होतं.

हा सिलिंडर तिने लावला आणि त्याच आठवड्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता सगळं डोळ्यांदेखत आटोपलं. कपडे लेकीने वाटून टाकले. तिच्या हातून सुरू झालेलं आणि अजून न संपलेलं असं घरात एवढंच उरलं. म्हणून दिवसकार्याच्या रांधण्यात सिलिंडर तळाला आला, तेव्हा त्याने शेगडी पेटवणंच सोडलं. पाव, केळी, गार दूध. चहा कोपऱ्यावरच्या दुकानात. कुणाला कळलं असतं तर म्हातारा चळला म्हणाले असते, म्हणून त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

तो फडकं पिळत होता, तोच लेक दारात. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.

"बाबा, काय हाल करून घेतलेत हे? शेजारच्या काकू सांगत होत्या, तुमच्याकडे काही शिजतच नाही म्हणून."

"भूक नसते गं."

"नसते कशी? बसा गप्प. आठवडाभराचं करून ठेवते."

फडकं ओट्यावर वाळत टाकून तो उठला.

"कशाला त्रास? मी आणतो ना बाहेरून."

"आईच्या घरात बाहेरचं?" म्हणत तिने शेगडी पेटवलीसुद्धा.

सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण आई गेल्यापासून ही पोर एकदाही रडली नव्हती. पदरी पडलेलं सगळं तिने ओठ घट्ट मिटून निभावलं होतं. आणि आता ती आईसारखीच स्वतःशी पुटपुटत होती, आईसारखीच पळी कढईच्या काठावर आपटत होती. तो उंबऱ्याशी बसून राहिला. एक पातेलं उतरलं, दुसरं चढलं, मग तिसरं. चौथ्याला उकळी येता येता ज्योत पिवळी पडली, फडफडली आणि विझली.

"संपला वाटतं," लेक म्हणाली आणि फोन घेऊन खिडकीशी गेली.

गॅसवाल्याची गाडी गल्लीतच होती. त्याने सराईतपणे जुना सोडवला, नवा टेकवला.

"लावून देऊ का काका?"

"नको," चावीवाला म्हणाला. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गॅसवाल्याने रिकामा सिलिंडर एका हाताने उचलला. चावीवाला त्याच्या मागोमाग खाली उतरला. गाडीत सिलिंडर इतर रिकाम्यांत आदळला. मागून आणखी दोन आले, गाडी हलली, सगळे एकमेकांवर खणखणले. किल्ली पाहून कुलूप ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला त्यातला आपला कुठला ते सांगता येईना. गाडी वळेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

वर आला तर लेक ओट्याखाली शिरून रेग्युलेटरशी झटत होती.

"बसतच नाहीये हो. आईने मलाही कधी हात लावू दिला नाही."

"बाजूला हो," तो म्हणाला. "तुला नाही जमायचं. बॅटरी धर."

दोघंही क्षणभर थबकली. शब्द आईचे होते, ठसकाही आईचाच. तो गुडघ्यांवर बसला. "आधी रबर बघायचं," तो पुटपुटला. "मग खाली दाबायचं. टक् वाजलं पाहिजे." टक् वाजलं. साबणाचा फेस करून त्याने सांध्याभोवती लावला, बायको लावायची तसाच, आणि बुडबुडा येतो का ते बघत राहिला.

"आधीचा तिने लावलेला होता," तो फेसाकडे बघतच म्हणाला.

मग ओट्यावर वाळत टाकलेल्या फडक्याकडे लेकीची नजर गेली असावी.

"रोज बघत होतात?" तिने विचारलं. आणि मग, "बाबा, मी संपवला तो. मीच संपवला."

बॅटरीचा उजेड भिंतभर थरथरू लागला. इतक्या दिवसांचं आता एकदमच बाहेर पडत होतं.

"सरळ धर," तो म्हणाला. बुडबुडा कुठेच नव्हता, तरी त्याने मान वर केली नाही.