पाण्याचं लोणी

"ओरड गं सूनबाई! लोणी आलं म्हणून ओरड!"

चाळीस वर्षं झाली, पण सासूबाईंचा तो दबका आवाज अजून कानाशी आहे. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. उजाडताच मी डेऱ्यापाशी उभी राहायची आणि भिंतीकडे तोंड करून गळा काढायची, "आलं हो आत्याबाई! केवढा मोठा गोळा!"

डेऱ्यात नुसतं पाणी असायचं. विहिरीचं, निवळशंख.

गाय आटून गेली होती. रानात गवताची काडी उरली नव्हती, ढेकळं तापून पायाला निखाऱ्यासारखी लागायची. अशा उन्हाळ्यात गाय आटली तर लाज कसली? पण भिंतीपलीकडे सासूबाईंची धाकटी जाऊ राहायची. वाटणीत घर दुभागलं होतं आणि तिच्या वाट्याची गाय अजून दूध देत होती. रोज सकाळी तिकडून रवीची घुमघुम सुरू झाली की इकडे सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची.

"तिचा डेरा गल्लीभर वाजतो आणि आपण मुकाट बसायचं? लोक म्हणतील, थोरल्या घराची रया गेली."

म्हणून त्यांनी डेऱ्यात पाणी ओतलं, रवीला दोर गुंडाळला आणि घुसळायला बसल्या. वर गाणंही:

घुमघुम घुमे डेरा, लोणी चढे काठावरी,
पलीकडे जाऊबाई, कान लावी भिंतीवरी.

पलीकडची रवी थांबली तरी ह्या थांबायच्या नाहीत. "आपलं लोणी जास्त, तर वेळही जास्त लागायला नको?" दुपारपर्यंत खांदा भरून यायचा. मी तेल चोळायला बसले की बजावायच्या, "कुणी विचारलं तर सांग, लोण्याच्या भारानं दुखतोय."

सगळं जमून आलं होतं. घात केला मांजरानं.

आधी ते डेऱ्याला खेटून बसायचं. आता दोन दिवस त्यानं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पाण्यात मिशा बुडवल्या, सासूबाईंकडे रुसलेल्या जावयासारखं पाहिलं आणि भिंतीवरून उडी मारून धाकटीकडे राहायला गेलं.

विहिरीवर शिंपिणीनं विचारलंच, "थोरल्या बाई, तुमचं मांजर हल्ली धाकटीच्या उंबऱ्यावर कसं हो?"

"हवापालटाला गेलंय," सासूबाई म्हणाल्या आणि भरलेली घागर तिथेच विसरून घरी आल्या.

मांजर धरून आणलं, डेऱ्याजवळ सुतळीनं बांधलं. त्यानं असा टाहो फोडला की गल्ली दाराशी गोळा झाली. मग गावाच्या पार टोकाच्या मेंढपाळणीकडून चोरून लोणी यायला लागलं. मी पदराखाली झाकून आणायची आणि ते सगळं मांजराच्या पुढ्यात. मांजरानं दारात बसून मिशा चाटाव्यात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघावं, एवढ्याचसाठी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोरडा घास चावत विचारायचे, "सूनबाई, मांजराचं जेवण आटोपलं का? उरलं असेल तर बोटभर मला लाव."

"हळू बोला!" सासूबाई डोळे वटारायच्या. "पलीकडे ऐकू जाईल."

मांजर भोपळ्यासारखं सुटलं. ते बघून सासूबाईंना आणखी चेव आला. "उद्यापासून दोन डेरे लावू," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच डेऱ्यावर त्यांचा खांदा धरला. हात वर गेला तो खाली येईना. शपथ घेत असल्यासारख्या बसून राहिल्या.

"अहो, बघताय काय? तिकडे ती घुसळतेय. दोर धरा!"

मामंजी बसले. दोन हिसके दिले आणि दोर सोडून दिला.

"बस झालं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दह्यात रवी घुमते, पाण्यात खळखळते. सगळ्या गल्लीला कळलंय. तुझं मन दुखेल म्हणून कुणी बोलत नाही."

"आणि तुम्हाला कसं माहीत?"

मामंजी माझ्याकडे बघून घुटमळले. "मी रोज रानात जातो म्हणून निघतो ना... तो आधी मागच्या दारानं तिच्याकडे जातो. तांब्याभर ताक पितो. तुझ्या वाट्याचं लोणीही ती रोज काढून ठेवते. रोज विचारते, जाऊबाई आज तरी येतील का?"

सासूबाईंच्या गालावरून एक थेंब ओघळला, पण पुसायचा हात वर अडकलेला. मी पदरानं पुसला. पलीकडची रवीही थांबली होती. त्या उठल्या आणि तसाच हात वर धरून भिंतीपाशी गेल्या.

"धाकटे, खांदा धरलाय गं माझा. जरा तेल लावायला येतेस?"

"आले जाऊबाई! येताना दही आणू का थोडं?"

सासूबाईंनी वळून पाण्याच्या डेऱ्याकडे पाहिलं.

"आण. आमची गाय आटलीय."

"अगंबाई!" पलीकडून धाकटी अगदी नवल वाटल्यासारखी म्हणाली. "कधी हो?"

"कालच," सासूबाई म्हणाल्या. मग कपाळ भिंतीला टेकवलं आणि हळूच म्हणाल्या, "नाही गं. दोन महिने झाले."