बिनशिट्टीचा कावळा

लॉइड गेला त्या दिवशी सकाळीच व्हर्न ट्रॅक्टर घेऊन माझ्या दारात आला. इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरला नाही, आणि वरूनच म्हणाला, "मेलं बेणं. माझ्या आदी मेलं."

"कोण?" मी विचारलं.

"दुसरं कोन उरलंय मरायला? काल रातच्याला झोपलं ते उठलंच न्हाई. जल्मात कंच्या कामाची घाई केली न्हाई, आन् ह्यात बरं पुढं पळालं!"

एवढं बोलून त्यानं टोपी काढली, परत घातली आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेला. कापलेल्या मक्याच्या धसकटांवर पांढरं हिव पडलं होतं. मी हातात चहाचा कप घेऊन उभा राहिलो. चहा गार झाला.

आधी एक सांगून टाकतो. व्हर्न आणि लॉइड दोघं अस्सल अमेरिकन शेतकरी, मिशिगनच्या मातीतले. बोलायचे इंग्रजीच. पण माझ्या कानाला ती कायम आमच्या कऱ्हाडकडची बोलीच वाटली. तीच खोड, तोच शिव्यांचा गोडवा. म्हणून मी त्यांचं बोलणं तसंच सांगतो. शिकलेल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

मी गुरुनाथ. बायकोच्या व्हिसावर अमेरिकेत आलेला नवरा. सुवर्णा नर्स होती, ॲन आर्बरला मोठ्या दवाखान्यात. मी डिझेल मेकॅनिक. गावाबाहेर अर्ध्या तासावर आम्ही घर घेतलं आणि मी ह्या लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करत म्हातारा झालो. इथं मला सगळे 'गुरू' म्हणतात. मी आजवर कोणाला काही शिकवलेलं नाही.

व्हर्न आणि लॉइड यांची शेतं शेजारी शेजारी, आणि दोस्ती चड्डीत असल्यापासूनची. भांडणही तेव्हापासूनचंच. ते तराफ्यावरून.

दोघं तेव्हा दहा-अकराचे असतील. आमच्या मागनं रेझिन नदी जाते. नाव मनुक्याचं, पाणी मात्र कालच्या चहासारखं. ही नदी पुढं मनरो गावापाशी ईरी तळ्याला मिळते. तळं म्हणजे नुसतं म्हणायला, पलीकडचा काठ दिसत नाही. शाळेत नकाशात ते बघितलं आणि या दोघांनी ठरवलं की तिथवर जायचं. लॉइडनं बापाच्या गोठ्याचं दार काढलं. व्हर्ननं तेलाचे रिकामे पिंप आणले. व्हर्नच्या चुलतीच्या वाळत घातलेल्या चादरीचं शीड केलं. गोठ्याला दार नाही म्हटल्यावर गाई रात्रभर पाद्र्याच्या मक्यात चरल्या, ते वेगळंच.

सगळं अगदी गुपचूप. पण त्या काळी ह्या रस्त्यावर एकाच तारेवर आठ घरांचे फोन होते. एकीनं फोन उचलला की बाकीच्या सात जणी श्वास धरून ऐकायच्या. चुलतीनं कोणाला तरी चादर हरवल्याचं सांगितलं, आणि नदीत तराफा पडायच्या आधी सगळ्या आया पुलावर येऊन उभ्या राहिल्या.

तराफा पुलाखाली आला तशी व्हर्नच्या आईनं वरून हाक मारली, "व्हर्नन ऑगस्ट क्लाइन!"

इथली आई पोराला अख्ख्या नावानं हाक मारते, तेव्हा आमच्याकडच्या आईनं हातात फोकाटी घेतली असं समजायचं. व्हर्ननं सरळ पाण्यात उडी टाकली आणि काठ गाठला. लॉइड एकटाच पुढं गेला. पुढं गिरणीचा बांध होता. तराफा बांधावरून खाली, लॉइड त्याच्याखाली, आणि गळपट्टीचं हाड मोडलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, यांची गिरणीपर्यंत.

त्यानंतर जन्मभर लॉइड एकच म्हणायचा, "तू उतरलास."

आणि व्हर्न म्हणायचा, "दोर आनाय उतरलो व्हतो."

"मग आनला का दोर?"

"आईनं पकडलं."

"तू उतरलास."

व्हर्नच्या लग्नात लॉइडनं भाषणात हेच सांगितलं. व्हर्नची बायको माहेरी निघून गेली तेव्हा मात्र म्हणाला, "ह्या वक्ताला ती उतरली." दोघं त्यावर हसले म्हणे.

सुवर्णा लॉइडच्या आदल्या हिवाळ्यात गेली. माझा मुलगा निमिष सांता क्लाराहून आला. तो तिथं क्लाउडमध्ये काम करतो. त्या क्लाउडला पाऊस नाही, पण पगार पडतो. दहाव्याला त्यानं गुरुजी लॅपटॉपवर आणले. मी परसात पिंड ठेवला. कावळा येईना. इथले कावळे थंडीत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या झाडांवर राहायला जातात. कावळे शिकायला गेलेले आणि आमच्या वाट्याला खारी.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा चालतो. जरा लवकर आवरा, मला पुढचं बुकिंग आहे."

"बाबा, दॅट्स फाइन ना," निमिष म्हणाला. "सिम्बॉलिकच आहे सगळं."

मी हललो नाही. तेवढ्यात हे दोघं म्हातारे कुंपणाशी आले. काय चाललंय विचारलं. मी सांगितलं की मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग जवळच्यानं कबूल करायचं, की बाई, तुझं ते मी करतो. मग शिवतो.

लॉइडनं टोपी मागं सारली. "लईच शहाना कावळा म्हनायचा. आमी तर निस्त्या गोळ्या घातल्या त्येंला." मग खिशातून शिकारी लोकांची लाकडी शिट्टी काढली. ती फुंकली की हुबेहूब कावळा ओरडतो. दोघं आळीपाळीनं फुंकत बसले, बर्फात, पडक्या फळीवर. अखेर एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

"बाबा, दिस इज चीटिंग," निमिष म्हणाला.

लॉइड म्हणाला, "आला न्हवं? मग!" जाताना त्यानं शिट्टी माझ्याच हातात ठेवली आणि माझा दंड धरला. "गुरू, माझ्या वक्ताला बी ठेव भात. पर बिनशिट्टीचा कावळा पायजे. काय कबूल कराचं ते ह्या व्हर्नला ठावं हाय. बगू, बोलतंय का बेणं."

व्हर्न दुसरीकडं बघत राहिला.

आणि आता ती वेळ आली होती. चर्चमध्ये प्रार्थना झाली, तळघरात जेवण झालं. बटाट्याचेच नाना प्रकार, वरून चीज. लॉइडचा मुलगा कोपऱ्यात डेटा सेंटरवाल्या माणसाशी जमिनीचं बोलत होता. बापाच्या थडग्यावरची माती अजून बसली नव्हती.

दहाव्या दिवशी मी भात रांधला. लॉइडला डोनट आवडायचा, म्हणून एक शेजारी ठेवला. नदीकाठी, लॉइडच्या शेताच्या टोकाला बादली पालथी घालून त्यावर ताट मांडलं. व्हर्न चर्चचा कोट घालून आला होता. शिट्टी मी घरीच ठेवली होती.

बऱ्याच वेळानं समोरच्या वाळक्या ॲशच्या झाडावर एक कावळा येऊन बसला. ताटाकडं बघितलं. मान फिरवली.

"बोल," मी म्हणालो.

व्हर्न खाकरला. "लॉइड, तुजं कुत्रं मी संबाळतो."

कावळा गप्प.

"तुजा पाना परत देतो. माज्याकडंच हाय. न्हाई म्हनलो व्हतो तवा."

कावळ्यानं चोच फांदीला घासली.

"तुज्या पोराला जमीन इकू देत न्हाई!"

"ते तुझ्या हातात नाही," मी म्हणालो. "कावळ्यालासुद्धा माहीत आहे."

"मंग काय म्हनू आता? पाय गारठलं माजं!"

"व्हर्न, तराफ्याचं बोल."

"त्येचा हितं काय संबंध?" तो माझ्यावर ओरडला. "पोरं व्हतो आमी! आन् मी दोर आनाय उतरलो व्हतो!"

कावळ्यानं पंख उघडले, आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला. आणखी लांब.

व्हर्नच्या तोंडावरची रग उतरली. तो बादलीजवळ गेला, कावळ्याकडं न बघता नदीकडं बघत उभा राहिला. नाक वाहत होतं, ते त्यानं चर्चच्या कोटाला पुसलं.

"बरं बाबा," तो म्हणाला. "तराफा करतो. मनरोपतूर जातो. तळं दिसंपतूर." मग म्हणाला, "ह्या वक्ताला उतरत न्हाई."

आम्ही मागं सरलो. कावळा खाली आला, ताटाभोवती एकदा नाचला, आणि भाताला चोच न लावता डोनट घेऊन उडाला.

"बगितलंस?" व्हर्न म्हणाला. "मेल्यावर बी भात खाईना!" आणि हसता हसता बादलीवर मटकन बसला, ताटासकट. मग त्याच कोटानं डोळे पुसू लागला. मी नदीकडं बघितलं.

परत येताना त्यानं विचारलं, "गुरू, तुज्या बाईचं काय राह्यलं व्हतं?"

"शिट्टीनं बोलावलेल्या कावळ्याला कोण काय विचारतो?"

"आयला," तो म्हणाला, आणि टोपी कानांवर ओढली.

थंडीभर आम्ही माझ्या शेडमध्ये तराफा जोडला. गोठ्याचं जुनं दार, प्लॅस्टिकचे पिंप, आणि शिडाला सुवर्णाची एक चादर. निमिषला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, आर यू सीरियस? ते एटी-टूचे आहेत. तुम्हाला पोहता येत नाही." चार दिवसांनी दारात दोन लाइफ जॅकेट येऊन पडली, मापं बरोबर. आतल्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं नव्हतं.

आता बर्फ वितळलं आहे. नदी फुगली आहे. व्हर्न रोज सकाळी येऊन तराफ्याच्या दाराला लाथ मारून बघतो आणि म्हणतो, "अजून पानी लई हाय." परवापर्यंत म्हणत होता, पाणी कमी आहे. मी म्हणतो, "आईला बोलावू का?" तो शिवी देतो आणि चहा पितो.

तराफा अजून शेडमध्येच आहे. आणि तुझं काय राहिलं होतं, हे सुवर्णाला विचारायचं राहिलं आहे.