द्वादशीचा घास

मुलुंडच्या डोंगरपायथ्याशी विठ्ठलाचं एक लहानसं देऊळ होतं. मागच्या पिंपळाखालच्या जमिनीला कित्येक वर्षांत कुदळ लागली नव्हती आणि अनुपमाला नेमकी तीच हवी होती. ती विद्यापीठात मातीतल्या सूक्ष्म जीवांवर संशोधन करत होती. पडलेला पाला हे जीव खातात. त्यातला काही कार्बन वायू होऊन हवेत जातो, काही मातीत साठून राहतो. तो साठा किती टिकतो, हे तिला मोजायचं होतं.

देवळाची झाडलोट काशीरामकाकांकडे. मूळचे मालवणकडचे; संपात गिरणी बंद पडली आणि काका देवाच्या पायाशी आले. सकाळी पिंपळाच्या मुळाशी मुंग्यांना साखर घालायची, संध्याकाळी कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरायची, एवढाच त्यांचा संसार. जागा मागणाऱ्या पोरीकडे त्यांनी संशयानं पाहिलं.

"देवाच्या जमिनीत काय पुरतलंस गो?"

"काही नाही हो काका. बुवा सांगतात ना, कणाकणात जीव आहे म्हणून? तेच बघायचेत. तेही आपल्यासारखेच जेवतात, श्वास घेतात."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू बुवांनी त्यांच्यासाठीच निरूपण मांडलं होतं. अनुपमाला आपली हुशारी आवडली. जागा मिळाली. काकांनी स्वतः बांबूचं कुंपण घातलं. कुणाचा चेंडू आत गेला की ओरडायचे, "थंय जीव जेवतत रे! बॉल विसर आता!"

पहिलं वर्ष झकास गेलं. उपड्या डब्याखाली ठेवलेल्या वाटीतल्या द्रावणात मातीचा श्वास, म्हणजे तो वायू, अडकायचा, आकडे शहाण्यासारखे यायचे. दुसऱ्या वर्षी आषाढानंतर मात्र सगळं बिनसलं. वायू भलताच वाढला, मातीतला साठा घटू लागला. तिनं डबे बदलले, वाट्या बदलल्या, स्वतःलाच बोल लावला.

कार्तिकातल्या द्वादशीला ती न कळवता सकाळीच आली. काका कुंपणात वाकून पंचामृत ओतत होते. वर मूठभर साखर.

"काका! काय करताय?"

"उपास सोडतंय त्यांचो. काल सगळा देवूळ उपाशी, मगे ह्यांच्या तोंडात कोण घालतलो? चातुर्मासाचो नेम धरलंय." काका हसले. "दर द्वादशीक पोटभर जेवतत हां तुझे!"

अनुपमाच्या डोक्यात तिडीक गेली. आयती साखर मिळाल्यावर ते जीव उधळले होते आणि मातीत वर्षानुवर्षं दडलेला साठाही फस्त करत सुटले होते.

"वाट लावलीत माझ्या कामाची! घरातलं होतं नव्हतं तेही खाऊन बसले ते. काही कळत नाही तर हात कशाला लावता?"

काकांनी भांडं खाली ठेवलं. "तूच सांगलंस मां," ते हळूच म्हणाले, "जेवतत म्हणान."

तिच्या मार्गदर्शक मृणालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जागा गेली. दुसरी शोध, पुन्हा सुरुवात कर." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तिथे काही घालायचं नाही, हे त्यांना सांगितलं होतंस?"

कीर्तनासारखा पूर्वरंग रंगवून सांगितला होता अनुपमानं. आख्यान सांगायचं राहूनच गेलं होतं. जागेसाठी त्या भोळ्या माणसाची भक्ती वापरली आणि त्या भक्तीनं आपलं काम चोख केलं, तर त्याच्यावरच ओरडली.

डबे न्यायला ती गेली तेव्हा काकांनी ते घासून, पुसून, ओळीनं मांडून ठेवले होते. पिंपळाच्या मुळाशी मुंग्या रिकाम्याच फिरत होत्या. साखरेचा डबा कोनाड्यात, झाकण घट्ट लावलेला.

"काका, चुकलं माझं. तुम्हाला बोलायला नको होतं."

"नाय गो बाय. माझ्यामुळे तुझा काम गेला."

"मुंग्यांना साखर नाही घातलीत?"

"सोडलंय." त्यांनी झाडू उचलला. "कोणाक काय घातल्यार कोणाचा काय मोडतला, माका काय म्हायत?"

तिनं कोनाड्यातून डबा काढला, चिमूटभर साखर मुळाशी टाकली. "बघा तरी, काका."

मुंग्या धावत आल्या. काका पाठ करून अंगण झाडत राहिले.