ढोलीतला चिनोर

मूल शहराजवळच्या एका गावात हरिदासभाऊंच्या घरी बांबूची मोठी ढोली होती, आणि तिच्यात सहा वर्षांपासून वासाच्या चिनोर तांदळाचं धान भरून ठेवलेलं होतं. हे पाहुण्यांसाठी, असं ते सांगत. घरात शिजायची ती मिलमधली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ.

जावई आले तेव्हा गिरजाबाई नवऱ्याला म्हणाली, "आज तरी ढोली उघडा."

"आज जवायाले वाढलं, अन् उद्या याहून मोठा कोनी आला, त त्याले काय वाढशीन?"

जावयाने कनकी खाल्ली. मोठा कोणी आलाच नाही. अशा घरी येणार तरी कोण.

हरिदासभाऊ मात्र रोज सकाळी ढोलीत कोपरापर्यंत हात घालून उभे राहत. धान गार लागायचं. खाल्लं की संपतं, ठेवलं की असतं, हा त्यांचा साधा हिशेब होता.

यंदा गिरजाबाई म्हणाली, "म्हातारे झालो आपन. आता आपनच पाहुने."

चार दिवस हरिदासभाऊंना जेवण गोड लागलं नाही, मग नाइलाजाने हो म्हणाले. पण त्याच आठवड्यात त्यांना चक्कर आली आणि डॉक्टरने रक्त तपासून सांगितलं, "शुगर आहे. भात बंद."

दवाखान्याबाहेर गिरजाबाईचे डोळे भरून आले. हरिदासभाऊंना कैक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"रडू नको," ते म्हणाले. "मले सोडून तू एकटी थोडीच खाशीन."